दचक्याची सरासरी

पहिल्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमधल्या वस्तू मोजल्या. छपरावर सौर पॅनेल चोवीस, बारा-बाराच्या दोन माळांत जोडलेली. आत इन्व्हर्टर दोन, पैकी एक अजून खोक्यात. लोखंडी बाकं दहा. मल्टिमीटर अकरा, पैकी चालू नऊ. क्लॅम्प मीटर तीन. तारेला टोपण दाबून बसवायच्या पकडी वीस, नव्या, तेल न पुसलेल्या. रबरी हातमोज्यांचे जोड एकोणीस. विसावा जोडही होता, पण त्यातले दोन्ही मोजे डाव्या हाताचे निघाले. भिंतीवर जुना फलक एक, 'अपघाताविना दिवस', पुढे आकडा नाही. कपाळपट्ट्या वीस, माझ्या ताब्यात. प्रशिक्षणार्थी वीस. त्यांतले सातव्या आसनावरचे माझे वडील.

डाव्या हातांचा जोड त्यांनीच उचलला. "राहू दे, मी पाहून घेईन," म्हणाले.

नांदझरीचं औष्णिक वीज केंद्र बंद होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. गावात त्याला थर्मल म्हणत, अजूनही म्हणतात. तिन्ही चिमण्या उभ्या आहेत, धूर नाही. सकाळी सातचा भोंगा थांबल्यावर पहिला महिनाभर लोक उशिरा उठायचे, नंतर परत सातलाच उठायला लागले. थर्मलची राख जिथे सोडत त्या राखेच्या तलावावर सौर प्रकल्प उभा राहणार होता आणि त्यात तीनशे दहा जागा होत्या. त्यासाठी प्रमाणपत्र लागायचं. ते नांदझरी समुदाय महाविद्यालयाच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमानंतर मिळायचं, आणि अभ्यासक्रमाचा खर्च हरित कौशल्य निधी करणार होता. निधीला त्याबदल्यात एक आकडा हवा होता. तो आकडा काढायला त्यांनी मला नेमलं.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. अर्जात 'केंद्रात कुणी नातेवाईक आहे का' असा रकाना होता, तिथे मी खरं ते लिहिलं. नागपूरहून फोन आला. "पट्टीला नातं कळत नाही, मॅडम. रुजू व्हा."

कपाळपट्टीचं विज्ञान अवघड नाही. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. पुढची पायरी किती उंच असेल, उचललेली बादली भरलेली असेल की रिकामी, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. अंदाज बरोबर आला तर विशेष काही घडत नाही. चुकला, तर साधारण तीनशे मिलिसेकंदांनी कवटीवर विजेची एक बारीक लहर मोजता येते, काही मायक्रोव्होल्टची, आणि डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. ही लहर जुन्या काळापासून माहीत होती. पण ती गोंगाटात बुडालेली असल्यामुळे तीच घटना शंभर वेळा घडवून सरासरी काढावी लागे, आणि शंभराव्या वेळी कुणी चकित होत नाही. सहा वर्षांपूर्वी चांगले कोरडे इलेक्ट्रोड आले, गोंगाट वेगळा काढायचं नवं गणित आलं, आणि एका घटनेची एक लहर तिथल्या तिथे वाचता येऊ लागली. शून्य म्हणजे अंदाज तंतोतंत. एक म्हणजे अगदी उलटं.

निधीने शिकण्याची व्याख्या यावरून केली. घटना पहिल्यांदा घडली तेव्हाचा आकडा, वजा दुसऱ्या दिवशी तीच घटना परत दाखवली तेव्हाचा आकडा. काल चकित झालात आणि आज नाही, याचा अर्थ मधल्या वेळात काहीतरी आत गेलं. कागदोपत्री याला 'अध्ययन फरक' म्हणतात. गुड्डू फुलझेले नावाचा एक प्रशिक्षणार्थी होता, आधी राख वाहून नेणाऱ्या ठेकेदाराकडे होता. त्याने पहिल्याच तासाला पट्टीवरच्या आकड्याला 'दचका' म्हटलं, आणि मग सगळे तेच म्हणायला लागले.

निधीचा हेतू चांगला होता. आधीच्या योजनांत डोकी मोजून पैसा मिळायचा, म्हणून केंद्रं डोकी भरायची. आता बारा आठवड्यांत चाळीस घटना, वीस जणांची मिळून सरासरी, किमान ०.४००. त्याखाली गेलं तर केंद्राची मान्यता जाणार, आणि तिच्यासोबत तुकडीची सगळी प्रमाणपत्रं. चौथ्या आठवड्यानंतर कुणी सोडून गेलं तर त्याचं शून्य धरायचं.

पट्टीत एक उणीव आहे. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ती लिहिलेली आहे. ज्याला सगळं आधीच ठाऊक असतं त्याची रेघ सपाट येते. ज्याला कशाचंच काही वाटेनासं झालेलं असतं त्याचीही सपाट येते. दोन्ही रेघा सारख्या दिसतात.

बाबांची रेघ सपाट होती.

मोरेश्वर निखाडे, वय त्रेपन्न, थर्मलमध्ये वायरमन, नोकरी सत्तावीस वर्षं. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या मोटारी आणि कॉलनीचे दिवे त्यांच्याकडे होते. रिकाम्या चौदा महिन्यांत त्यांनी आमच्या घरातला प्रत्येक स्विच उघडून, पुसून परत बसवला. काही स्विच दोनदा. पूर्वीही ते कमी बोलायचे, आता विचारल्याशिवाय बोलत नव्हते. अभ्यासक्रमाचं पुस्तक त्यांनी वर्ग सुरू व्हायच्या आधी तीन वेळा वाचलं होतं. वाचताना पानं उलटत होती एवढं मी पाहिलं होतं, त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला दिसत नव्हतं.

रोज संध्याकाळी वर्गातल्या पडद्यावर सगळ्यांच्या रेघा दिसायच्या. दुसऱ्या दिवशी फुलझेले खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेला.

"निखाडेभाऊ, अशी रेघ तर मी पंचायतीच्या रस्त्याच्या नकाशातच पाहिली. एक खड्डा नाही."

"नकाशात नसतेच," बाबा म्हणाले.

"अजी पण जरासं तं दचका! आमची सरासरी खाली ओढून राहिले तुम्ही."

वर्ग हसला. आमच्या प्रशिक्षक रेवती कोवे, त्याही हसल्या. पट्टीवर बाबांचं हसणं उमटलं नाही. पट्टी ते मोजतही नाही.

मला दोन सपाट रेघांतली कुठली ते कळायला हवं होतं. केंद्राला त्याची गरज नव्हती, मला होती. रविवारी मी एक पट्टी घरी आणली.

"कामावरची मशीन घरात कायले आणली?" आई म्हणाली.

"बाबांची एक चाचणी."

"तीस वर्षं मी चाचणीच घेऊन राहिली. मले विचार, मी सांगते."

मी चहा केला. बाबांच्या कपात साखरेऐवजी एक चमचा मीठ घातलं. ते पट्टी लावून बसले होते, नळाचा वायसर बदलल्यावर बसतात तसे. त्यांनी कप उचलला, पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, आणि सगळा चहा संपवून कप खाली ठेवला. पहिल्या घोटाचा दचका ०.०३.

"कसा झाला?" मी विचारलं.

"बरा."

त्या रात्री मी जेवले नाही असं आई नंतर म्हणाली. मला जेवल्यासारखं आठवत होतं.

सोमवारी सकाळी केंद्राकडे जाताना सायकलला टेकून ते म्हणाले, "चहात मीठ होतं."

"मग बोलले काहून नाही?"

"तू मोजून राहिली होती. मधात कोण बोलते?"

"पण तुमचा दचका आला नाही, बाबा."

"साखरेच्या बरणीचं झाकण स्टीलचं हाय. मिठाच्याचं प्लास्टिकचं. तू कोणतं उघडलं ते ऐकलं मी."

"मग प्यायले कशाला?"

"तू केला होता," ते म्हणाले आणि सायकलवर बसले.

यावरून त्यांना ऐकू येतं एवढंच सिद्ध झालं. मी प्रयोगवहीत तसं लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात घटना क्रमांक नऊ होती, ठिणगीची. घरात येणारी एसी वीज दिशा बदलत राहते आणि सेकंदाला शंभर वेळा शून्याला येते. चालू लाइन तोडली तर ठिणगी पडते, पण पुढचं शून्य आलं की विझते. सौर पॅनेलची वीज डीसी. ती एकाच दिशेने वाहते, शून्याला येत नाही. चालू जोडणी ओढून काढली, तर दोन टोकांमधली तापलेली हवाच तारेचं काम करते आणि ठिणगी जळत राहते. टोकं दूर नेली तर ती तेवढी लांब होते. म्हणून आधी खटका बंद करायचा, क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य पाहायचा, आणि मगच कनेक्टरला हात घालायचा. कोवे मॅडमनी हे फळ्यावर समजावलं आणि चौदा सेकंदांची चित्रफीत दाखवली.

वर्गाची सरासरी ०.१२ आली. मला आधी नवल वाटलं, मग कारण कळलं. ज्याने अंदाजच बांधला नव्हता त्याचा अंदाज चुकणार कसा? राख वाहणाऱ्या, कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या माणसांना पडद्यावरची ठिणगी ही एक ठिणगी होती.

आसन क्रमांक सात ०.३१.

मी आकडा दोनदा तपासला. मग मान वर करून पाहिलं. बाबा पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर झटका दिल्यासारखा हलत होता. तो झटका मला माहीत होता. चिनीमातीचे जुने फ्यूज असतात, सगळे वायरमन त्यांना किटकॅट म्हणतात. चालू लाइनवर किटकॅट काढायचा तर एका हिसक्यात ओढायचा. ठिणगी पडते आणि विझते. त्यांच्या हाताने सत्तावीस वर्षं हाच अंदाज बांधलेला होता.

"हे मले माहीत नव्हतं," घरी आल्यावर ते म्हणाले. पाय धुतले आणि परत म्हणाले, "विझतच नाही. हे मले माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तीच चित्रफीत दाखवली तेव्हा त्यांचा आकडा शून्य होता. मी ती रेघ वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. तशी गरज नव्हती.

त्यानंतर परत सगळं सपाट. दहा, अकरा, बारा, वीस, तीस. फुलझेले रोज सकाळी फलकावर अपघाताविना दिवसांचा आकडा खडूने वाढवायचा. कनेक्टर काढणं आता सगळ्यांच्या हातात बसलं होतं. खटका बंद, मीटर शून्य, कट्. खटका बंद, मीटर शून्य, कट्. माझ्या नोंदीप्रमाणे अकराव्या आठवड्यापर्यंत प्रत्येकाने सरासरी एकसष्ट वेळा ते केलं होतं आणि एकदाही काही झालं नव्हतं.

अकराव्या आठवड्याच्या शेवटी केंद्राचे समन्वयक बोरघरे सर यांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझाच तक्ता होता.

"तुम्ही शास्त्राच्या. तुम्हीच सांगा."

"छत्तीस घटना झाल्या. सरासरी ०.३८९. राहिलेल्या चार घटनांची सरासरी ०.४९९ आली तर आपण पार होऊ. आत्ताचा वेग पाहता ती ०.३९च्या आसपास येईल."

"आणि सात नंबर वगळला तर?"

तोही हिशेब मी केलेला होता. "०.४०९."

त्यांनी नियमपुस्तिका माझ्याकडे सरकवली. पान आधीच दुमडलेलं होतं. उपकरणात दोष असेल तर ते आसन मोजणीतून वगळता येतं. "पट्टी सैल होती. तीन शब्द लिहायचे. कुणी विचारणार नाही."

"मोजणी नाही म्हणजे त्यांना प्रमाणपत्र नाही, सर."

"एकाचं जाते, एकोणीसचं राहते. पुढच्या तुकडीला एकशे चाळीस अर्ज आहेत. केंद्र बंद झालं तर ते कुठे जातील?" त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या घरात तुमचा पगार तरी येतो. फुलझेलेच्या घरात काय येते?"

यात चूक काही नव्हती. मी उद्या सांगते म्हटलं.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि बाबा ताटावर बसले होते. मी आकडे सांगितले, सगळे, ज्या क्रमाने सरांना सांगितले त्याच क्रमाने. शेवटी म्हटलं, "लिहून टाकू का?"

"काय म्हणून?"

"पट्टी सैल होती म्हणून."

बाबांचा घास हातात राहिला. "सैल?"

"तसा शब्द आहे नियमात."

"सत्तावीस वर्षांत मी एक टर्मिनल सैल सोडलं नाही. शिफ्ट संपली तरी परत जाऊन पेचकस फिरवून पाहत होतो. माह्या नावासमोर सैल लिहू नको. नापास लिही. येडा लिही."

"येडा तं मी लिहून देते," आई म्हणाली, "सही करून."

"बाबा, मग बाकीच्यांचं काय?"

त्यांनी घास खाल्ला.  जेवण झाल्यावर म्हणाले, "चल, जरा तलावाकडून येऊ."

राखेच्या तलावाच्या बांधावर उजेड होता. खांबांसाठी खड्डे खणून ठेवले होते, मी एका रांगेत बेचाळीस मोजले. बाबा सायकल हातात धरून चालत होते.

"चार घटना राहिल्या म्हणते?"

"हो."

"सगळ्यात मोठा दचका कायचा येते?"

मला प्रश्न आवडला. दोन महिन्यांत पट्टीबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि चांगला होता. "घटना किती मोठी यावर नसतं ते. अंदाज किती पक्का होता यावर असतं. अंदाज जितका पक्का, तितका मोठा."

"म्हणजे एक गोष्ट रोज तशीच होत असन, आणि एक दिवस नाही झाली."

"बरोबर."

"पडद्यावर का डोळ्यापुढं?"

"डोळ्यापुढं. पडद्याच्या चार-पाच पट तरी."

"आणि दुसऱ्या दिवशी मोजता तवा?"

"खरा दचका बसला की दुसऱ्या दिवशी जवळजवळ शून्य येतं. माणूस विसरत नाही."

त्यांनी मान हलवली. परतताना एका खड्ड्याशी थांबून त्याची खोली पायाने अंदाजली. आणखी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी त्यांना फक्त माहिती दिली होती.

बोरघरे सरांना मी सांगितलं की शेवटची घटना होईपर्यंत मी काही लिहिणार नाही. सदतिसावी घटना ०.४१ आली, अडतिसावी ०.३८.

एकोणचाळिसावी मंगळवारी होती, छपरावर. एकाने कनेक्टर सोडवायचा आणि बाकीच्यांनी पाहायचं. खटका बंद केल्यावर प्रवाह शून्य होतो, पण ऊन असेपर्यंत व्होल्टेज तसंच राहतं, हे मीटरवर दाखवायचा कोवे मॅडमचा बेत होता. आभाळ स्वच्छ होतं. माळेवर ४८६ व्होल्ट, ९.१ अँपिअर.

"कोण करतो?" कोवे मॅडमनी विचारलं.

सातव्या आसनाचा हात वर गेला. बारा आठवड्यांत पहिल्यांदा.

"सूर्य कुठून उगवला आज?" फुलझेले म्हणाला.

"दोन पावलं मागं व्हा बे सगळे," बाबा म्हणाले. "फुलझेले, तू तीन."

मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्याकडे दिलं. "आठ मिनिटं मागं हाय, पाहून घे." मग जोडातला एक मोजा डाव्या हातात चढवला आणि दुसरा खिशात ठेवला. बाबा एरवी उजव्या हाताने काम करतात. पण मोजे दोन्ही डाव्या हाताचे होते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. लाल खटक्याला त्यांनी उजव्या हाताची मागची बाजू लावली. कशालाही पहिला स्पर्श ते तसाच करतात, उलट्या हाताने. वीज उतरलेली असली तर हात आपोआप आखडून मागे येतो, पकडून राहत नाही. मी तेव्हा रेघा पाहत होते. पुढचं सगळं कॅमेऱ्यात आहे.

खटका त्यांनी फिरवला नाही. डाव्या हाताने कनेक्टर धरला आणि ओढला. हिसका नव्हता. अगदी हळू, सुई काढावी तसा.

आवाज कढईत ओलं काही पडल्यासारखा होता, फक्त थांबत नव्हता. ठिणगी पांढरी-निळी, आधी दाण्याएवढी, मग बोटभर लांब. कनेक्टरचं काळं प्लास्टिक वितळून थेंब पडले. कोवे मॅडम ओरडल्या. कॅमेऱ्यात बाबांचं तोंड ठिणगीकडे नाही. ते समोरच्या माणसांकडे पाहत आहेत, एकाकडून दुसऱ्याकडे, मोजत असल्यासारखे. चार पूर्णांक एक सेकंदाने त्यांनी उजव्या हाताने खटका फिरवला. ठिणगी गेली.



"विझत काहून नव्हती ते?" फुलझेलेचा आवाज बारीक झाला होता.

"शिकवलं होतं मी," कोवे मॅडम म्हणाल्या. "घटना नऊ."

"ते शिकवलं होतं, मॅडम," फुलझेले म्हणाला. "हे दिसलं."

मोजा अंगठ्यापाशी जळून कातडीला चिकटला होता. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अंगठा आणि दोन बोटं भाजल्याचं लिहिलं. तीन आठवडे बँडेज. अंगठा पूर्ण वाकेल की नाही ते नंतर कळेल असं सांगितलं. आई टिफिन घेऊन आली आणि बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसली.

"आयुष्य चालू लाइनवर काढलं, काही झालं नाही. आणि आता शाळेत जाऊन भाजून आले."

"हो नं," बाबा म्हणाले.

तिने त्यांना भरवलं.  वर्कशॉपमध्ये फुलझेलेने फलकावरचा अडुसष्ट पुसून शून्य लिहिलं.

बुधवारी त्याच दृश्याची कॅमेऱ्यातली चित्रफीत दाखवली आणि दुसरी मोजणी घेतली. बाबा हात गळ्यात बांधून सातव्या आसनावर बसले होते. गुरुवारी नागपूरहून चौकशीला अधिकारी आले. मुद्दाम घडवलेला अपघात मोजणीतून बाद होतो असा नियम आहे, म्हणून त्यांना तेवढंच ठरवायचं होतं. त्यांनी बाबांना खुर्ची दिली.

"खटका का बंद केला नाही?"

"किटकॅटची सवय, साहेब. हात आपसूक गेला."

"पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे."

"डोक्यात राहते साहेब पुस्तकातलं. हातात नाही राहत."

अधिकाऱ्यांना हे पटलं. बंद पडलेल्या इतर केंद्रांवरही जुन्या वायरमन लोकांच्या हातून अशा चुका झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. 'एसीवरील जुन्या सवयीमुळे, अनवधानाने' असं त्यांनी लिहिलं. मग माझ्याकडे वळले. "तुमच्या नोंदीत काही वेगळं?"

माझ्याकडे तीन गोष्टी होत्या. कॅमेऱ्यातला न दिलेला हिसका. घटना नऊची वेगळी ठेवलेली फाइल. आणि त्या क्षणाची सातव्या आसनाची रेघ.

"सगळ्या नोंदी जोडल्या आहेत, सर. वगळलेलं काही नाही."

त्यांनी पानं चाळली. सातव्या आसनापाशी थांबले. "हे काय? हात भाजला तरी सपाट? या माणसाला काही लागतच नाही का?"

"आधीच्या अडतीस घटनांपैकी सदतीस सपाट आहेत," मी म्हटलं.

उरलेल्या एका घटनेबद्दल त्यांनी विचारलं नाही. सही केली आणि चहाला थांबले नाहीत.

संध्याकाळी मी घरी चहा ठेवला. आई बाहेर कपडे काढत होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते, बँडेज मांडीवर. मी विचारलं, "बाबा, हात आपसूक गेला?"

 मी बरणी उघडली.

"साखरेचीच हाय नं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

चाळिसावी घटनाही मोजून झाली, आणि सोमवारी मी निकाल निधीकडे पाठवला. तुकडी पहिली. प्रशिक्षणार्थी वीस. घटना चाळीस. वगळलेली आसनं शून्य. सैल पट्ट्या शून्य. सरासरी अध्ययन फरक ०.४०३. घटना क्रमांक एकोणचाळीस, वेळ सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, एकोणीस आसनांची सरासरी ०.९६.

आसन क्रमांक सात, ०.०२.